आधी नऊ चौकोन जोड, मग ब्लँकेटचं बोलू

तुझी ती पिशवी काढ बघू बाहेर. हो, तीच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात कोंबलेली. तिच्यात काय आहे ते न बघताच सांगते. रील बघून हौसेनं आणलेली सात-आठ रंगांची लोकर, त्यातले दोन गुंडे एकमेकांत अडकलेले, विणून ठेवलेले पंधरा-वीस ग्रॅनी स्क्वेअर, त्यातला एकही दुसऱ्याच्या मापाचा नाही, आणि प्रत्येकाला लोंबणाऱ्या दोन-चार शेपट्या. बरोबर ना? अगं, लाजतेस काय! ज्या घरात क्रोशाची सुई, त्या घरात अशी एक पिशवी असतेच. माझ्याकडे दोन आहेत. दुसरी कुठे ठेवलीय ते घरात कुणाला सांगितलेलं नाही.

खरं सांगू का, विणता येत नाही म्हणून ब्लँकेट अर्धवट राहत नाही गं. विणणं हा त्यातला सोपा भाग. माप धरणं, शेपट्या लपवणं आणि चौकोन जोडणं ही तिन्ही कामं आपण 'शेवटी बघू' म्हणून मागे टाकतो, आणि मग ती सगळी मिळून एकदम अंगावर येतात. दीडशे चौकोन आणि सहाशे शेपट्या बघून कुणाचाही जीव दडपेल. म्हणून माझं ऐक. आधी फक्त नऊ चौकोन करायचे, तीन बाय तीन. ते पूर्ण करायचे, जोडायचे, काठ घालायचा. खुर्चीवरची गादी होईल त्याची. ब्लँकेटात जे जे काही करायचं असतं ते सगळं या नऊ चौकोनांत एकदा हाताखालून जातं.

सुईपासून सुरू करू. आईच्या डब्यातली जी बारीक स्टीलची सुई घेऊन तू बसलीयस ना, ती दोऱ्याची आहे. रुखवतातले रुमाल, ताटावरची झाकणं, दाराचं तोरण, हे तिचं काम. तिनं लोकर विणायला गेलीस की दर दोन टाक्यांनी लोकरीचे पदर सुटे होतात, आणि तुला वाटतं आपला हातच वाईट. चौपदरी लोकरीला चार मिलिमीटरची सुई घे. हात घट्ट असेल तर साडेचार. महागातली नको, आधी साधी ॲल्युमिनियमची पुरे.

लोकर म्हणजे आपल्या बाजारात बहुतेक ॲक्रिलिकच मिळते. वर्धमान, ओसवाल अशी लुधियानाची नावं तुला माहीत आहेतच. काही जणी नाक मुरडतात, म्हणे खरी लोकर नाही. नसू दे. ॲक्रिलिक घरी धुता येतं, त्याला कसर लागत नाही आणि खिशाला परवडतं. आपल्याकडची मेंढीची लोकर घोंगडीला जगात भारी, पण ती टोचते. गळ्याशी ओढायच्या पांघरुणाला ती नको. आणि चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या सुमारास, ॲक्रिलिक हातात धरवत नाही, घामानं सुईवर सरकतच नाही. तेव्हा सुती दोऱ्याचे चौकोन करावेत. उन्हाळ्याच्या दुपारी अंगावर घ्यायलाही तेच बरे.

एक गोष्ट मात्र दुकानातच बघून घे. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाचा नंबर असतो, तसा लॉटचाही असतो. रंग तोच आणि लॉट वेगळा असला की दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखे दिसतात, घरी अंगणात उन्हात धरलं की फरक कळतो. मधले रंग कसेही चालतील, पण जोडायचा आणि काठाचा रंग एकाच लॉटचा, सगळा एकदम घ्यायचा. माझ्या पहिल्या ब्लँकेटला तीन बाजूंनी बदामी काठ आहे आणि चौथ्या बाजूला चहा सांडल्यासारखा. पाहुणे आले की ती बाजू मी भिंतीकडे करते.

आता चौकोन. व्हिडिओ बघून तुझा गोंधळ होतो तो शब्दांमुळे. अमेरिकन बाई ज्याला डबल क्रोशे म्हणते त्यालाच इंग्लंडची बाई ट्रेबल म्हणते, आणि आपल्या आया-मावश्या दोन्हीला मुकाट्यानं खांब म्हणतात. तू खांबच म्हण. चार साखळ्या घालून गोल जोडायचा. पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या, मग त्याच गोलात दोन खांब, झाली तिघांची पहिली जुडी. दोन साखळ्यांचा कोपरा, पुन्हा तीन खांब. अशा चार जुड्या, चार कोपरे. पुढच्या प्रत्येक फेरीत कोपऱ्याच्या घरात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब. मधल्या घरांत नुसते तीन-तीन खांब.

आणि मोजायचं कसं ते बघ. कितवी फेरी, तितक्या जुड्या एका बाजूला. पहिल्या फेरीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. खांब मोजायचे असतील तर १२, २४, ३६, ४८, दर फेरीला बारा वाढतात. फेरी संपली की चारही बाजूंवरून बोट फिरव. एका बाजूला जुडी कमी भरली तर तिथेच उसव. पुढे जाऊन ती भरून निघत नाही. एखादा कोपरा राहिला की चौकोनाचा त्रिकोण होतो आणि आपण मात्र 'धुतल्यावर बसेल नीट' असं मनाला समजावत राहतो. नाही बसत गं. आणखी एक. सगळ्या फेऱ्या एकाच दिशेनं विणल्या की चौकोन जरा कलतो, पिळल्यासारखा दिसतो. दर फेरीनंतर काम उलटं करून विण, सरळ राहील.

तरीही माप चुकतंच, कारण हात रोज सारखा नसतो. निवांत दुपारी हात सैल पडतो, कुणाशी वाजलेलं असलं की घट्ट. मुलाच्या दहावीच्या वर्षी विणलेले माझे चौकोन बाकीच्यांपेक्षा बोटभर लहान आहेत, रिझल्टच्या आठवड्यातले तर पापडाएवढे. यावर उपाय म्हणजे पुठ्ठा. लग्नपत्रिकेचा जाड कागद घे, पाच इंचाचा चौकोन काप आणि पिशवीत ठेव. प्रत्येक चौकोन झाला की त्यावर ठेवून बघायचा. दोन-तीन सूत कमी असेल तर ओढून चालेल. त्याहून जास्त फरक असेल तर सुईचा नंबर बदल. जीव खाऊन घट्ट-सैल विणायचा प्रयत्न करू नकोस, तो कुणालाच जमत नाही.

तुझ्या आजीनं वाकळ शिवलेली आठवते का? जुनी लुगडी, धोतरं, चादरी एकावर एक अंथरून, अंगणात दोघी-तिघी कडेनं बसून धावदोरा घालत आत आत सरकायच्या. कुणी नवीन कापड आणून वाकळ शिवत नसे. घरात जे उरलंय त्यातून पांघरूण. ग्रॅनी स्क्वेअरही त्याच जातीचा. त्याचा एक जुना छापील नमुना १८८५ सालच्या 'प्रेअरी फार्मर' या अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात सापडतो. म्हणजे तोही शेतावरच्या घरातलाच. तेव्हा वीस रंगांचे नवे गुंडे आणल्याशिवाय काही होणार नाही असं मनात धरू नकोस. स्वेटरची उरलेली लोकर, टोपीतली राहिलेली, शेजारणीनं 'तुला उपयोग होईल' म्हणून दिलेली, सगळी आत जाते. फक्त पदर सारखे बघ. तिपदरीत चौपदरी मिसळलीस की चौकोन पुन्हा लहान-मोठे.

मग इतके वेगवेगळे रंग एकत्र कसे बसतील? बघ, तीन फेऱ्या तुला हव्या त्या रंगाच्या घाल. गुलालाचा गुलाबी, झेंडूचा पिवळा, चिंतामणी, मोरपंखी, काय वाट्टेल ते. चौथी फेरी मात्र सगळ्या चौकोनांना एकच रंग. बदामी घे, दुधी घे, गडद निळा घे. ही एक फेरी सगळ्या विसंगत रंगांना सांभाळून घेते. काळा रंग उठून दिसतो हे मला मान्य आहे. पण रात्री जेवणं आटपून बसणारी बाई तू, काळ्या लोकरीतलं घर ट्यूबलाइटखाली दिसत नाही. पहिल्या ब्लँकेटला तो नको. चौकोन झाले की सतरंजीवर मांड, मोबाइलवर फोटो काढ आणि फोटो काळा-पांढरा करून बघ. कुठे सगळे गडद एकत्र आलेत आणि कुठे फिके, ते लगेच कळतं. नुसत्या डोळ्यांना रंगच दिसत राहतात.

मोठं किती करायचं हे आत्ताच ठरव. पाच इंचाचे ८ बाय १० म्हणजे ८० चौकोन घेतलेस तर ४० बाय ५० इंचांचं होतं. मांडीवर, पायावर, सोफ्यावर घ्यायला पुरतं. मोठ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत हवं तर ६० बाय ८०, म्हणजे १९२ चौकोन. खरं सांगू का, आपल्या कोल्हापुरात थंडी ती केवढी! डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दोन-चार आठवडे जे काही वाजेल तेवढंच. ८० वर थांब. हौस उरली तर कडेनं ओळी वाढवता येतात, हाच तर चौकोनांचा फायदा.

लोकर किती लागेल म्हणून दुकानदाराला विचारू नकोस. शेपट्या आत घातलेला एक पूर्ण चौकोन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेव. समजा ९ ग्रॅम भरला, तर ८० चौकोनांना ७२० ग्रॅम. वर काठासाठी आणि चुकून उसवण्यासाठी शंभरेक ग्रॅम धर. आता कागद घेऊन हिशेब कर, खर्च कळला की धसका कमी होतो.

आणि आता जोडणं. इथंच सगळ्या जणी अडकतात. सगळे चौकोन करून ठेवायचे आणि मग सुईनं शिवत बसायचं ही पद्धत मला अजिबात पटत नाही. दिसायला सुबक होतं, पण कुणी बसत नाही गं शिवायला. त्यापेक्षा विणता विणताच जोड. पहिल्या चौकोनाची चौथी फेरी पूर्ण करायची, दोन जुड्यांमध्ये एक-एक साखळी ठेवून. दुसऱ्या चौकोनाची चौथी फेरी विणताना जी बाजू जोडायची तिच्यावर ही एक साखळी घालायचीच नाही. तिच्या जागी सुई शेजारच्या चौकोनाच्या समोरच्या घरात घालून मुका टाका, म्हणजे स्लिप स्टिच, घ्यायचा आणि परत येऊन पुढची जुडी घालायची. कोपऱ्यात दोन साखळ्या असतात, त्यातल्या एकीच्या जागी मुका टाका. बस. फेरी संपली की चौकोन जोडलेला असतो, मध्ये दोरा तोडायचा नाही की वेगळी शिवण नाही. चार कोपरे एकत्र येतात तिथे पहिल्यांदा भोक पडल्यासारखं दिसेल. चौथा चौकोन जोडताना समोरच्या तिरक्या कोपऱ्यात टाका घे, भोक मिटतं. तीन फेऱ्यांचे चौकोन डब्यात तयार ठेवायचे आणि रोज दोन-तीन जोडत जायचं. ब्लँकेट मांडीवर वाढताना दिसलं की ते टाकून द्यावंसं वाटत नाही.

तुकड्या-तुकड्यानं काय होतं ते चेन्नईत दिसलं होतं. सुभाश्री नटराजन या बाईंनी सुरू केलेल्या 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटानं ३१ जानेवारी २०१६ ला ११,१४८.५ चौरस मीटरचं क्रोशाचं ब्लँकेट मांडून गिनीज बुकात विक्रम नोंदवला. पावणेतीन एकर भरतं ते! पावणेतीन एकर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ऊस येतो, तिथे लोकर होती. देशभरातल्या आणि परदेशातल्या बायकांनी आपापल्या घरी बसून तुकडे विणले होते, घरची कामं सांभाळून. आणि त्याआधीच्या नोव्हेंबर-डिसेंबरात चेन्नई महापुरात बुडालेली. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर बघितलेल्या आपल्याला ते वेगळं सांगायला नको. नंतर ते तुकडे पांघरुणं म्हणून गरजूंना वाटले. आणि इथे नऊ चौकोनांवर तू उगाच डोळ्यात पाणी आणतेस.

शेपट्यांचं एक कडक सांगते. वीतभर शेपूट ठेवल्याशिवाय लोकर कापायची नाही. गाठ मारून कापायची तर मुळीच नाही, ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, धुण्यात गाठ सुटते आणि मग मधोमध चौकोन उलगडायला लागतो. बोथट सुईत शेपूट ओव, खांबांच्या पोटातून एका दिशेला ने, उलट फिरव, पुन्हा एकदा ने. मग काप. आणि हे त्या चौकोनाचं काम संपण्याआधी करायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

इस्त्री? हात जोडते, नको. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री ठेवलीस की लोकर लोळागोळा होते, तिची फुगीरता जाते ती कायमची. कोपरे मुडपत असतील तर चौकोन ओला करून जाड चादरीवर टाचण्यांनी ताणून ठेव आणि पंख्याखाली वाळव. पूर्ण ब्लँकेट धुताना थंड पाणी आणि लोकरीचं लिक्विड घे, पिळायचं नाही, पंच्यात गुंडाळून दाबायचं. दोरीवर लटकवलंस की पाण्याच्या वजनानं लांबतं, म्हणून खाटेवर आडवं वाळव. जून ते सप्टेंबर धुण्याच्या भानगडीतच पडू नकोस. आपल्या पावसात टॉवेल वाळत नाही, ब्लँकेट काय वाळणार! पावसाळ्याआधी कडक ऊन दाखवून, कोरडं करून, जुन्या सुती साडीत बांधून ठेव. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलंस तर श्रावणात वास मारेल.

बाळासाठी करत असशील तर थोडं वेगळं. ग्रॅनी स्क्वेअरच्या घरांत बाळाची बोटं अडकतात. सुती दोऱ्यात, बारीक सुईनं, घट्ट विणीचं ब्लँकेट कर. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना अंगावर घालू नकोस, मांडीवर घेताना किंवा खाली अंथरायला वापर. बारशाला देताना आईलाही हे सांग.

तुझी मान आणि मनगट दुखतंय ते मला माहीत आहे. तीन-चार चौकोन सलग करायची काय घाई आहे? एक झाला की ऊठ, पाणी पी, मान फिरव. अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या येत असतील तर आठवडाभर सुई ठेव, आणि तरी राहिल्या तर डॉक्टरांना दाखव. ब्लँकेट कुठे पळून जात नाही.

आता घरच्यांचं. 'बाजारात पाचशे रुपयांत मिळतं की ब्लँकेट', हे तुला कुणीतरी म्हणालं असणारच. मिळतं ना. आपल्या शेजारी इचलकरंजी आहे, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून मीटरवर कापड निघतंय. पण क्रोशाचा टाका मशीनला घालता येत नाही. बाजारात क्रोशाचं जे काही दिसतं ते कुणीतरी हातानंच केलेलं असतं, आणि स्वस्त असेल तर त्या बाईला कमी मिळालेलं असतं. हे शांतपणे सांग आणि विणत राहा.

सगळ्यात अवघड जातं ते 'माझ्यासाठी एक कर ना, लोकरीचे पैसे देते' म्हणणाऱ्यांना उत्तर देणं. तू लगेच हो म्हणणारी आहेस, म्हणून बजावतेय. हात बसल्यावर एका चौकोनाला वीस-पंचवीस मिनिटं धर. ८० चौकोनांचे तीसेक तास, जोडणं आणि काठ वेगळा. ब्लाउजच्या शिलाईला आपण शिंप्याला किती देतो ते आठव आणि त्या हिशेबानं आकडा सांग. न कचरता सांग. ऐकून ती गप्प झाली तर झाली. नऊ चौकोनांची गादी विकायची असेल तर वीक, बटवा वीक, तोरण वीक, पण पहिलं ब्लँकेट विकू नकोस आणि लोकरीच्या पैशात तर कुणालाच देऊ नकोस. फार जवळची असेल तर तिला घरी बोलाव, चहा दे, सुई तिच्याच हातात दे आणि साखळी घालायला शिकव.